अब्बा मुद्दाम हरायचे

अब्बांनी हळदीच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवली त्या दिवशी अम्मीचा धीर सुटला. चिठ्ठीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत हळदीचं नाव होतं आणि खाली नंबर होता, सात. इतकी वर्षं अम्मी डोळे मिटून त्या डब्यात हात घालत आली होती. आता डबा दुसऱ्या फळीवर गेला होता, सहा आणि आठच्या मध्ये, आणि तिच्या हाताला साखर लागत होती.

“यांना घेऊन जा कुठं तरी,” ती मला म्हणाली. “कुठं पण ने. मना एक दिवस माझा सैपाक माझ्या हातानं करू दे.”

पनवेलची नगरपालिका जाऊन महानगरपालिका झाली, त्याच्या पुढच्या वर्षीच्या डिसेंबरातली ही गोष्ट. मी एका शाळेत गणित शिकवत होते आणि नाताळची सुट्टी लागली होती. नवीन पनवेलात एका सभागृहात शनिवार-रविवार नव्या बोर्ड गेम्सचं संमेलन भरणार होतं. मुलांना गणित शिकवताना उपयोगी पडतील असे काही खेळ बघून या, असं आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं होतं. खेळायचं तर जोडीला कुणी तरी हवं. मी अब्बांना म्हटलं, चला. ते लगेच उठून चपला शोधायला लागले. त्या दिवसांत त्यांना कुणी ‘चला’ म्हणायचीच खोटी होती.

अब्बा आखातात एका बांधकाम कंपनीच्या कॅम्पवर स्टोअरकीपर होते. एकतीस वर्षं. दर दोन वर्षांनी साठ दिवसांची सुट्टी घेऊन यायचे आणि जायचे. आमच्या मोहल्ल्यात असे बाप घरटी एक. अशा माणसाला पनवेलच्या बाजारात दोन प्रश्न विचारतात. पहिला, “कधी आलात?” आणि त्याचं उत्तर पुरतं यायच्या आत दुसरा, “मग आता कधी जाणार?” न्हावी विचारतो, मासळीवाली विचारते, रिक्षावाला विचारतो. फक्त घरचे विचारत नाहीत. तसा नियम कुणी घालून दिलेला नाही, पण हा प्रश्न कुणाच्या बायको-मुलांच्या तोंडून मी आजवर ऐकलेला नाही. विचारलं तर आपणच घालवतोय असं होतं ना. तो माणूस आपणहून तारीख सांगतो, आणि मग घरातली बाई बरोबर द्यायचे मसाले कुटायला घेते.

या खेपेला अब्बांनी तारीख सांगितलीच नव्हती. ते आले ते ईदच्या आदल्या दिवशी, जून महिन्याच्या पंचवीस तारखेला. साठ दिवस झाले, मग नव्वद. कंपनीकडे काम कमी होतं, म्हणून रजा वाढवून मिळाली होती एवढंच कळलं. पण आखाताच्या बाहेर सहा महिने राहिलं की व्हिसा रद्द होतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. जूनची पंचवीस म्हणजे डिसेंबरची पंचवीस. त्या शनिवारी तेवीस तारीख होती. दुसऱ्या दिवशी रात्रीचं विमान पकडलं तर ते वेळेत पोचत होते. नाही पकडलं तर अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना पुन्हा कुणी बोलावणार नव्हतं. आणि ते मिठाची गुळणी धरून डब्यांना नंबर घालत बसले होते.

हॉलच्या भिंतीशी त्यांची बॅग सहा महिने तशीच उभी होती. सकाळी उठून ते एसटी स्टँडपर्यंत चालत जायचे, सुटणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचायचे आणि परत यायचे. पासपोर्ट कायम शर्टाच्या खिशात, प्लॅस्टिकच्या पाकिटात. तिकडे तो कंपनीच्या कपाटात असायचा, त्यामुळे इकडे आल्यावर त्यांना तो अंगावरून काढवत नसे. आदल्या दिवशी जुम्म्याच्या नमाजाहून आले ते थेट गच्चीवर गेले आणि अंधार पडेपर्यंत एकटेच पाण्याची टाकी घासत बसले. दिवाळीपूर्वीच घासून घेतलेली टाकी होती ती. पायाला भिंगरी लागलेला माणूस घरात असला की घरातल्या बाकीच्यांनाही बसवत नाही. मला तर रात्री झोपेतही आपण कुठली तरी गाडी चुकवतोय असं वाटत राहायचं.

ते राहावेत असं मला फार वाटत होतं. विचारायची छाती मात्र नव्हती.

सभागृहात पाऊल ठेवलं आणि मला हसूच आलं. पंचवीस-तीस टेबलं, प्रत्येकावर रंगीत पुठ्ठे, लाकडी ठोकळे, पत्ते, आणि भोवती खारघरपासून पुण्यापर्यंतची तरुण मंडळी कपाळाला आठ्या घालून बसलेली. परीक्षेच्या हॉलमध्येही मी इतकी गंभीर तोंडं पाहिलेली नाहीत. पिवळा टीशर्ट घातलेले स्वयंसेवक टेबलाटेबलाशी उभे राहून नियम सांगत होते. अब्बांनी सगळ्या हॉलला एक फेरी मारली, मग दुसरी. तिसरी सुरू करायच्या आत मी त्यांना दंडाला धरून एका टेबलाशी बसवलं.

तिथे आमच्यासमोर एक बाई आणि तिची आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. खेळ सोपा होता. टेबलाच्या मध्यभागी एक लाकडी मासा ठेवलेला. दोन मोठे पत्ते उलटायचे, दोन्हींवर चित्रांची गर्दी असते, त्यातलं एकच चित्र दोन्हींवर असतं. ज्याला ते आधी दिसेल त्याने मासा उचलायचा.

मुलगी चपळ होती. पहिल्या तिन्ही वेळा मासा तिनेच उचलला. चौथ्या वेळी माझी नजर पत्त्यांऐवजी अब्बांकडे गेली, आणि मला दिसलं की त्यांचे डोळे छत्रीच्या चित्रावर थांबले आहेत. मग ते दुसऱ्या पत्त्यावरच्या छत्रीवर गेले. हात मात्र मांडीवरच. त्यांनी पुन्हा छत्रीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि वाट बघत राहिले. मुलीने “छत्री” म्हणून मासा उचलला तेव्हा ते केवढे चकित झाले. “अरे वा, मना तर दिसलीच नाय.”

माझ्या डोक्यात सणक गेली. ही छत्री मी ओळखत होते.

लहानपणी मी आणि माझा धाकटा भाऊ अब्बांना प्रत्येक खेळात हरवायचो. लुडो, सापशिडी, पत्ते, कॅरम. साठ दिवस आमची नुसती चैन असायची. आमचा बाप स्वभावाने फार चांगला पण खेळात अगदीच ढ, असं आम्ही शेजारच्या पोरांना अभिमानाने सांगायचो. मी आठवीत असताना अब्बांच्या कॅम्पवरचे एक चाचा उरणला सुट्टीवर आले होते, ते आमच्याकडे जेवायला आले. आमचा कॅरम बघून म्हणाले, “ह्यांच्यासमोर कॅम्पात कोन बसत नाय. पाच वर्सं झाली, हरलेत नाय.” मी अब्बांकडे पाहिलं. ते बिर्याणीतलं हाड शोधत होते.

त्यानंतर मी त्यांच्याशी कधी खेळले नाही. मला फसवल्यासारखं वाटलं होतं. अम्मी म्हणाली, “अगं, साठ दिवसांत पोरांना हरवून त्यांना कुठं जायचंय?” तिला ते कौतुकाचं वाटायचं. मला मात्र त्यात पाहुणा दिसायचा. पाहुणा आपल्याकडे येतो, सगळं छान म्हणतो, कशाला नावं ठेवत नाही, आणि जातो.

आठदा मासा उचलून मुलगी जिंकली. अब्बांनी तिला शाबासकी दिली आणि घड्याळात पाहिलं. आम्ही उठलो.

खिडकीजवळच्या टेबलावरचा खेळ अजून बाजारात आलेला नव्हता. तो बनवणारी पुण्याची एक तरुण मुलगी स्वतःच तिथे वही घेऊन बसली होती. हाताने कापलेले पुठ्ठे, पेनाने आखलेली घरं. प्रत्येकाला एक गोदाम, म्हणजे चौकटींचा एक पुठ्ठा. कापडी पिशवीत वेडेवाकडे लाकडी तुकडे, ते म्हणजे खोकी. चार खोकी टेबलावर मांडायची, पाळी आली की त्यातलं एक उचलून आपल्या गोदामात बसवायचं. ज्याच्या गोदामात रिकाम्या चौकटी कमी, तो जिंकला. आपण जे उचलत नाही ते पुढच्याला मिळतं, त्यामुळे स्वतःचं बघताना दुसऱ्याचंही बघावं लागतं.

आयुष्यभर स्टोअर सांभाळलेल्या माणसासमोर हा खेळ. मला वाटलं, आता तरी.

खेळायला आम्ही दोघं आणि खेळ बनवणारी. पहिल्या चार-पाच पाळ्यांत अब्बांचे हात बघत राहावे असे चालले. तुकडा उचलायच्या आधीच त्यांच्या बोटांना तो कसा फिरवायचा ते माहीत असायचं. मग मी एका कोपऱ्यात अडकले. मला एक लांब सरळ खोकं हवं होतं, आणि नेमकं ते टेबलावर आलं, अब्बांच्या पाळीला. त्यांच्याही गोदामात त्याची जागा होती. त्यांनी ते दोन बोटांनी माझ्याकडे किंचित सरकवलं, आणि स्वतः एक वाकडं, कुठेच न बसणारं खोकं उचलून मधोमध ठेवून दिलं. पुढच्या पाळीला पुन्हा तेच.

पुण्याच्या मुलीने वही मिटली. “काका,” ती अगदी नम्रपणे म्हणाली, “तुम्ही मुद्दाम चुकताय का? राग नका मानू. पण तुम्ही खरं खेळला नाहीत तर माझा खेळ चांगला आहे की वाईट, ते मला कसं कळणार?”

अब्बा हसले. “म्हातारा मानूस, डोकं चालत नाय.”

“डोकं चालतंय,” मी म्हणाले. आवाज माझ्या कल्पनेपेक्षा मोठा निघाला. “डोकं चांगलं चालतंय यांचं. यांना समोरच्याशी खेळायचंच नसतं, नुसतं खूश करून जायचं असतं. अब्बा, मी नऊ वर्षांची नाय आता.”

बाजूच्या टेबलावरची दोन डोकी वळली. अब्बांनी हातातलं खोकं पिशवीत टाकलं, पिशवीची नाडी ओढून गाठ मारली, जणू दिवसाचं काम संपवून ते स्टोअर बंद करत होते. “मी जरा चा पिऊन येतो,” म्हणाले आणि गेले.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी त्या मुलीशी खेळाबद्दल काहीबाही बोलत होते आणि माझं सगळं लक्ष दाराकडे. पासपोर्ट त्यांच्या खिशात होता. स्टेशन चालत दहा मिनिटांवर. बॅग घरी आहे, बॅगेवाचून ते जाणार नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं. मग वाटलं, त्या बॅगेत आहे तरी काय? सहा महिने आम्ही ती उघडून पाहिलेली नाही. वीस मिनिटांनी मी उठलेच. इतक्या वर्षांनी एकदा तोंड उघडलं, तेही कुठे, तर चारचौघांत. स्वतःचाच संताप येत होता.

ते फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर होते. त्यांच्यासमोर गव्हाण गावाकडचे एक ओळखीचे गृहस्थ उभे होते. पूर्वी त्यांची मिठागरं होती, आता इमारतींना रेती-खडी पुरवतात. मी पोचले तेव्हा पहिला प्रश्न होऊन गेला असावा, कारण दुसरा माझ्या कानावर आला.

“मंग आता कदी जानार?”

मी जिथे होते तिथेच थांबले. अब्बांनी चहाचा ग्लास तोंडाला लावला. ग्लास रिकामा होता, ते मला लांबूनही दिसत होतं.

“बघू,” अब्बा म्हणाले.

“बघू काय? तुमचे सा महिने भरत आले असतील ना?”

“बघू,” अब्बा पुन्हा म्हणाले, आणि त्यांना मी दिसले. त्यांनी ग्लास ठेवला, त्या गृहस्थांना सलाम केला आणि माझ्याबरोबर चालायला लागले. मी माफी मागायला तोंड उघडलं तर फाटकातून आत शिरता शिरता तेच म्हणाले, “खरा खेळू?”

“हो.”

“रडशील.”

“बघू,” मी म्हणाले.

पुण्याच्या मुलीने पुन्हा पुठ्ठे मांडले, या वेळी दोघांचेच, आणि वही उघडून बाजूला बसली. अब्बांनी चष्मा पुसला. मग त्यांनी पिशवीतली सगळी खोकी टेबलावर ओतली आणि मोजली. कुठल्या आकाराची किती. “असं चालतं ना?” त्यांनी मुलीला विचारलं. तिने नियम आठवून पाहिला आणि म्हणाली, “चालायला हरकत नाही. कुणी विचारलंच नव्हतं.” अब्बांनी खोकी परत पिशवीत भरली आणि बाह्या वर केल्या.

माझा त्यांनी पार फडशा पाडला. दुसरा शब्द नाही. मला काय हवंय ते मला कळायच्या आत त्यांना कळत होतं, आणि ते उचललं जात होतं. लांब सरळ खोकी पिशवीत सहाच होती. पाच त्यांनी नेली. सहाव्याच्या आशेवर मी एक अख्खी रांग रिकामी ठेवली, तर म्हणाले, “ते तळाला हाय, येनार नाय,” आणि खरंच ते शेवटपर्यंत आलं नाही. माझी पाळी लांबली की टेबलावर बोटं वाजवायचे. मी एक खोकं चुकीचं बसवलं तर म्हणाले, “अशा स्टोअरकीपरला मी पहिल्या दिवशी घरी पाठवला असता.” माझ्या तेरा चौकटी रिकाम्या राहिल्या. त्यांची एक.

“अजून एक डाव,” मी म्हणाले.

दुसऱ्या डावात माझ्या अकरा राहिल्या आणि त्यांची एकही नाही. आजूबाजूला पाच-सहा जण जमले होते. पुण्याची मुलगी भराभर लिहीत होती. मी गणिताची बाई, आणि लोकांसमोर दोनदा सपाटून हरले. मला भयंकर राग आला होता, आणि त्या रागाखाली मी फार खूश होते. माझ्या बापाने मला पहिल्यांदा हरवलं होतं, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. आणि मघाशी आपणहून दिलेलं ते लांब खोकं त्यांनी या वेळी एकदाही दिलं नव्हतं.

परतताना आम्ही रिक्षा केली नाही. रूळ ओलांडून जुन्या पनवेलच्या बाजूला आलो, बाजारातून चालत निघालो. अब्बा पुढे पुढे, मी मागे. ओळखीचे कुणी दिसले की वाटायचं, हा आता विचारणार. तळ्याच्या काठाशी मी थांबले. आयुष्यभर पाळलेला नियम मोडायचा म्हणजे बरोबर शब्द हवेत, आणि माझ्याकडे बाजारातलेच शब्द होते.

“अब्बा, कधी जाणार?”

ते वळले. त्यांनी खिशावर हात ठेवला, पासपोर्टच्या.

“मुदत गेली,” म्हणाले.

“उद्या रात्रीचं विमान आहे. परवा सहा महिने होतात.”

“लोकं महिने मोजतात. तिकडं दिवस मोजतात. एकशे ऐंशी. ते काल झाले.”

काल म्हणजे टाकी घासली तो दिवस. गच्चीवर एकटं बसून, स्वच्छ टाकी घासत, त्यांनी तो दिवस जाऊ दिला होता, आणि खाली येऊन आम्हाला काहीच न सांगता जेवून झोपले होते.

“मग सांगितलं का नाही?”

“जायची तारीख सांगायची सवय हाय,” अब्बा म्हणाले. “ऱ्हायची कशी सांगतात, मना कुठं माहीत?” मग म्हणाले, “तुझ्या अम्मीला तू सांग.”

“आणि आज सकाळी त्या पोरीशी मुद्दाम का हरलात?”

“हरायची पन सवय हाय.”

मला तिथेच रडू आलं. ते म्हणालेच होते. त्यांनी खिशातून रुमाल काढून दिला, त्याबरोबर पासपोर्टही निम्मा वर आला. तो त्यांनी काढून माझ्या पर्समध्ये टाकला आणि चालायला लागले.

घरी अम्मी स्वयंपाकघरात विळीवर कांदा चिरत बसली होती. फळीवर बघते तर हळदीचा डबा जुन्या जागी आलेला, वरची चिठ्ठी मात्र तिने काढलेली नव्हती. अब्बा दारातच घुटमळत उभे. मी म्हणाले, “अम्मी, अब्बा जात नाहीत. कायमचे.”

अम्मीचा हात विळीवर थांबला. तिने आमच्याकडे पाहिलं नाही. पदराने डोळे पुसले, कांद्याचे असतील, आणि पुन्हा चिरायला लागली.

“मग ती बॅग काढा तिथनं,” म्हणाली. “सा महिने झाले, मना नीट झाडू मारता येत नाय.”

अब्बा हॉलमध्ये गेले. बॅग उचलून ते परत दारात आले आणि ती हातात धरून उभे राहिले. घरातल्या एकूणएक वस्तूची जागा ठरवून तिला नंबर घालणारा माणूस तो.

“कुठं ठेवू?” त्यांनी विचारलं.

“माळ्यावर,” अम्मी म्हणाली. “पार मागं ढकला.”